आतला कट

लेथवर बाहेरून कट घेताना माणूस निर्धास्त असतो. टिप दिसते, जॉब दिसतो, चिप कशी तुटतेय ते दिसतं, आणि काही बिनसलंच तर फीड होल्डकडे हात न्यायला थोडी तरी सवड मिळते. बोरिंग बार भोकात शिरला की हे सगळं बंद. दाराच्या काचेवर कूलंटचे ओघळ, पलीकडे चकाचं गरगरणं, आणि बार आत चाललाय एवढंच कळतं. पुढचं जे काही कळायचं ते कानाला. म्हणून आमच्याकडे नवा सेटर आला की मी त्याला बाहेरचं टर्निंग विचारत बसत नाही. बोअरिंगचा ऑफसेट कसा लावतोस, एवढंच विचारतो. उत्तर द्यायच्या आधी जो ‘जॉब कशाचा आहे? बार किती बाहेर काढायचाय?’ असं उलट विचारतो, त्याचं काम झालं म्हणून समजा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: सीएनसी आलं आणि कारागिरी गेली. जुना टर्नर बोटांनी काम करायचा, आताचा पोरगा बटण दाबतो. बोलणारे बहुतेक वेळा जुने टर्नरच असतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला जीव होत नाही. पण मला हे पटत नाही. हातचाक गेलं हे खरं. इनसाइड कॅलिपर भोकात घालून, त्याची टोकं भिंतीला किती घासतात ते बोटांनी ओळखून, ते माप मायक्रोमीटरवर उतरवणारी पिढी निवृत्त झाली हेही खरं. मात्र त्या बोटांना जे कळत होतं ते आजही कुणालातरी कळावंच लागतं. फरक इतकाच की ते आता हातचाकावर न राहता कंट्रोलच्या पडद्यावर ऑफसेटच्या पानात एका आकड्याच्या रूपात जाऊन बसलंय. प्रोग्रॅम ऑफिसातून येतो, टिप कंपनीच्या कॅटलॉगमधून येते, स्पीड-फीड टिपेच्या डबीवर छापलेला असतो. ऑफसेट मात्र त्या मशीनवर, त्या बारला, त्या जॉबपुरता तिथे उभ्या असलेल्या माणसानंच काढायचा असतो.

मशीनला मुळात माप कळत नाही, इथून सुरुवात करायला हवी. पडद्यावर X 52.000 दिसतं तेव्हा तिथे 52 मिलिमीटरचं काही असतंच असं नाही. मशीनला स्वतःचं होम ठाऊक असतं आणि तिथून स्लाइड किती सरकली ते एन्कोडर सांगतो. टरेटवर कोणतं टूल आहे, टिप कुठे संपते, बार केवढा बाहेर आलाय, यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. ते आपण सांगायचं. फॅनुकच्या कंट्रोलवर त्यासाठी दोन खाती असतात, जॉमेट्री आणि वेअर. पहिल्यात टूलचा मूळ पत्ता, दुसऱ्यात रोजची किरकोळ दुरुस्ती.

पत्ता लावायची रीत कुठल्याही शॉपमध्ये हीच. भोक आधी ड्रिलने पाडलेलं किंवा कास्टिंगमध्येच आलेलं असतं. बार आत न्यायचा आणि तोंडापासून आठ-दहा मिलिमीटर खोलीपर्यंत एक साफ कट घ्यायचा. मग एक्सला अजिबात हात न लावता फक्त झेडमध्ये बाहेर यायचं. स्पिंडल बंद करायचा. फडक्याने भोक पुसून मोजायचं. समजा 51.482 आलं. त्या टूलच्या नंबरावर कर्सर नेऊन X51.482 टाइप करायचं आणि ‘मेजर’ची की दाबायची. मशीन स्वतःशी हिशेब करतं: आत्ता टिप जिथे आहे तिथला व्यास 51.482, मग शून्य व्यास कुठे? शून्य व्यास म्हणजे स्पिंडलची मध्यरेषा. शाफ्टमध्ये ती निदान पोलादाच्या पोटात असते. बोअरमध्ये ती हवेत असते. कुणी तिला हात लावलेला नाही, कुणी लावूही शकत नाही, आणि मशीनवरचे सगळे व्यास तिच्यापासूनच मोजलेले असतात. एवढ्या वर्षांनंतरही मला याची गंमत वाटते.

झेडचं त्यामानाने सोपं. फेस मारलेल्या जॉबला टिप हलकेच टेकवायची, Z0 टाकून ‘मेजर’. भोक आरपार असेल तर झेडमध्ये इकडचं तिकडे झाल्याने कुणाचं अडत नाही. आत बेअरिंग टेकायला खांदा असेल तर अडतं. टिपेची नोज रेडियस आणि टिपेची दिशा, जी बोअरिंगला बहुधा 2 असते, तीही त्याच पानावर भरायची. ती चुकली तर गंमत अशी की सरळ बोअर बरोबर येतो आणि नेमका चॅम्फर बिघडतो, आणि मग सगळे प्रोग्रॅमला नावं ठेवत बसतात.

कास्टिंगचं भोक असेल तर आणखी एक पथ्य. कास्ट आयर्नला बाहेरून एक कडक कातडी असते, तिच्यात मोल्डिंगची वाळूही अडकलेली असते. ऑफसेटसाठी म्हणून कुणी भीतभीत अगदी बारीक कट घेतला तर टिप त्या कातडीतच रखडते. धार जाते, भोक काही ठिकाणी कापलं जातं, काही ठिकाणी काळंच राहतं, आणि त्या अर्धवट भोकाचं माप घेऊन लावलेला ऑफसेट पहिल्या जॉबलाच दगा देतो. पहिला कट कातडीच्या खाली गेलाच पाहिजे. शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्यांच्या शेजारी वाढलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. बाहेरून आलेल्या हुशार डिप्लोमावाल्याला मात्र एकदा सांगावं लागतं.

आणि सवयीचा प्रश्न. बाहेरच्या टर्निंगला संकट दिसलं की एक्स प्लसमध्ये पळायचं, हे हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं. बोअरमध्ये एक्स प्लस म्हणजे भिंत. आत असताना आधी मध्याकडे, म्हणजे मायनसमध्ये सरकायचं, मग झेडने बाहेर. दुरुस्तीचंही तसंच उलटं. शाफ्ट मोठा राहिला तर मायनस टाकायचा, बोअर लहान राहिला तर प्लस. दोन्हीकडे अर्थ एकच, आणखी माल काढ. पण चिन्ह वेगळं. मायनसची सवय लागलेला हात रात्रपाळीत पहाटे साडेतीनला बोअरलाही मायनस टाकतो आणि बोअर आणखी लहान का आला म्हणून चक्रावतो. निदान तेवढ्याने जॉब तरी वाचतो. शाफ्टला चुकून प्लस पडला तरी वाचतो. याच्या उलट दिशेला जे जातं ते थेट भंगारात. कास्ट आयर्नचं नशीब एवढंच की शेजारच्या भट्टीत ते पुन्हा वितळतं.

इथवरचं सगळं पुस्तकात मिळतं. खरी भानगड पुढे आहे. आपण ऑफसेट लावतो तो बार सरळ आहे असं धरून. बार सरळ नसतो.

बोरिंग बार एका टोकाला टरेटमध्ये आवळलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा. कट सुरू झाला की मोकळं टोक भिंतीपासून ढकललं जातं, थोडं मध्याकडे आणि थोडं खाली. किती, ते बार किती बाहेर आहे आणि किती जाड आहे यावर. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला वाक आठपट होतो, कारण हिशेब लांबीच्या घनाचा आहे. जाडी निम्मी केली तर वाक सोळापट. म्हणून पोलादी बार त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये असा दंडक आहे; 25 चा बार, तर 100 पर्यंत. कार्बाइडचा बार सहापटीपर्यंत तग धरतो. त्यापुढे जायचं तर आत कंप शोषणारी योजना असलेले महागडे बार घ्यावे लागतात. ते दहापट आणि त्याहूनही पुढे जातात, पण त्यांची किंमत ऐकून मालक ड्रॉइंगच बदलून मिळतं का ते विचारायला पार्टीकडे फोन लावतात.

ही अडचण सीएनसीपेक्षा फार जुनी आहे. वाफेचं इंजिन जेम्स वॉटच्या डोक्यात तयार होतं, पण त्याला हवा तसा गोल आणि सरळ सिलिंडर मिळत नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ निसटायची. तो प्रश्न सुटला 1775 च्या सुमाराला, इंग्लंडातल्या जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्यामुळे. त्याला तोफांच्या नळ्या बोअर करायचा अनुभव होता. तोफ एका टोकाला बंद असते, त्यामुळे बार एका बाजूनेच घालावा लागतो. सिलिंडर दोन्हीकडून उघडा. विल्किन्सनने बार आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने लिहून ठेवलं की 50 इंची सिलिंडरात कुठेही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढासुद्धा फरक नाही. आज एवढ्या फरकाचा जॉब दाखवला तर इन्स्पेक्शनवाला मला आत घेणार नाही, पण औद्योगिक क्रांती त्या नाण्याच्या जाडीवर उभी राहिली. आणि आम्ही सीएनसी लेथवाले? आम्ही तोफेच्याच बाजूला राहिलो. चकाने एक तोंड अडवलेलं, बार एकाच बाजूने आत, पुढचं टोक लोंबकळतं. अडीचशे वर्षांनी कंट्रोल बदलला, मोकळं टोक तसंच आहे.

म्हणून नुसत्या टेकवण्यावर माझा विश्वास नाही. नव्या मशीनवर टूल सेटर आर्म असतो. टिप त्याच्या चौकोनी डोक्याला टेकवली की इशारा जातो आणि ऑफसेट आपोआप भरला जातो. हा टेकताक्षणी इशारा देणारा प्रोब हीसुद्धा मोठ्या डोक्याची करामत; डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी तो कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनाच्या नळ्या मोजण्यासाठी बनवला आणि त्यातूनच 1973 मध्ये रेनिशॉ कंपनी निघाली. आर्ममुळे वेळ वाचतो, टिप बदलल्यावर धडक होत नाही, सगळं मान्य. पण आर्मला टेकताना बारवर कटचा जोर नसतो. बार तेव्हा विश्रांती घेत असतो. आर्मने सांगितलेला आकडा विश्रांती घेणाऱ्या बारचा, आणि जॉब करायचाय कामाला लागलेल्या बारने. आमच्याकडे एक सेटर होते, त्यांना सगळे नाना म्हणत. ते हे एका वाक्यात निकालात काढायचे. “टेकवून साईज येत न्हाई रं, कट घेऊन येती.”

एक बोअर जवळून बघू. बेअरिंग 6205, आतला व्यास 25, बाहेरचा 52, रुंदी 15. पंपापासून मोटारसायकलपर्यंत कुठेही सापडेल असं. त्याचं घर करायचंय, ड्रॉइंगवर 52 एच7. म्हणजे 52.000 पासून 52.030 पर्यंत. तीस मायक्रॉनची गल्ली. शहाणा सेटर मधला आकडा धरतो, 52.015. रफिंग करून व्यासावर चार दशांश, म्हणजे 0.4 मिलिमीटर माल ठेवलेला आहे. आता फिनिशिंग बारच्या वेअरमध्ये त्याने आधीच मायनस 0.2 टाकलाय, म्हणजे पहिल्या वेळेला बोअर मुद्दाम लहानच येणार. फिनिश कट घेतला. हिशेबाने 51.815 यायला हवा. मोजला तर 51.790. पंचवीस मायक्रॉन बारने खाल्ले. हे पंचवीस मायक्रॉन कुठल्याही आर्मला, कुठल्याही कॅटलॉगला आधी सांगता आले नसते. आता 52.015 ला जायला 0.225 हवेत, सेटर ‘प्लस इनपुट’ने 0.225 टाकतो, तीच सायकल, तोच फीड, पुन्हा तेवढ्याच जाडीचा कट. बार पुन्हा तेवढाच वाकतो, आणि बोअर जागेवर येतो.

‘तेवढ्याच जाडीचा’ यातच सगळं आहे. एकदा एक नवा पोरगा नानांकडे रडकुंडीला आला. बोअर वीस मायक्रॉन लहान होता.

“नाना, वीस टाकलं, परत चालवलं. बोअर हाय तेवढाच.”

“कापायला किती हुतं?”

“वीसच की.”

“म्हंजे एका अंगाला धाच. तेवढ्यात ती काय कापणार? घासत बसली असंल.”

“मग आणखी वीस टाकू का?”

“टाक. आणि मग भंगारात टाक.”

पोरगं हिरमुसलं, पण नाना बरोबर होते. टिप नवी असली तरी तिची धार वस्तऱ्यासारखी नसते. ती झिजू नये म्हणून कारखान्यातच धारेला किंचित गोलाई दिलेली असते. कट त्या गोलाईपेक्षा बारीक झाला की टिप मालात शिरत नाही, वरून दाबत आणि घासत जाते. बार मागे रेलतो, बोअर चकचकीत होतो आणि माप हलत नाही. आणखी वीस टाकले की कुठल्यातरी क्षणी टिप अचानक चावते, आणि मग जुने वीस आणि नवे वीस एकदमच कापले जातात. बोअर गल्लीच्या पलीकडे. म्हणून शेवटच्या कटाला माल ठेवावा लागतो. नोज रेडियस 0.4 असेल तर एका बाजूला दशांशभर तरी. काटकसरीने शेवटचा कट घेणाऱ्याला बोअरिंग कधी लाभत नाही. आणि ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ या शेजारशेजारच्या कीज् ज्याने बनवल्या त्याला माझा सलाम. एक जुना आकडा पुसून नवा लिहिते, दुसरी जुन्यात भर घालते, आणि दोन्हींमध्ये बोटभर अंतर आहे.

मोजणं हा वेगळाच विषय, आणि माझ्या मते निम्मी कला तिथेच आहे. डायल बोअर गेज भोकात घातला की डायल बघून मोकळं व्हायचं नसतं. हँडल हळूहळू पुढेमागे डोलवायचं. काटा एका बाजूला जातो, थबकतो, परत फिरतो. तो जिथून परत फिरतो तो आकडा खरा, कारण गेज तिरका असताना लांबी नेहमी जास्तच येते. तोंडाशी एकदा, तळाशी एकदा; मग गेज नव्वद अंश फिरवून पुन्हा. तोंडाशी मोठा आणि तळाशी लहान म्हणजे बार आत जाता जाता दबतोय किंवा टिप संपत आलीय. गेज ज्या रिंगवर लावला ती रिंग आणि जॉब एकाच तापमानाला असायला हवेत ही अट तर सगळ्यांना पाठ असते आणि पाळतं कुणीच नाही.

मापांचं जगन्मान्य तापमान 20 अंश. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली 20 अंश कुठून आणायचे? तेही एक वेळ चालतं. जॉब लोखंडाचा, रिंग लोखंडाची, दोन्ही सारखीच तापलेली असली तर फरक जवळजवळ कटतो. पण नुकताच कट घेतलेला जॉब रिंगपेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर 52 च्या कास्ट आयर्न बोअरमध्ये पाच-सहा मायक्रॉन आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये बारा मायक्रॉन नुसत्या उष्णतेचे असतात. तीस मायक्रॉनच्या गल्लीत बारा म्हणजे थट्टा नव्हे. शिकलेली माणसंही इथे एक गफलत करतात. त्यांना वाटतं, लोखंड फुगलं की भोक बुजतं. ज्याने गावात लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलंय त्याची ही गफलत होत नाही. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करतात ती मोठी व्हावी म्हणून, आणि पाणी ओतलं की ती चाकाला करकचून आवळते. बोअरही तसाच. गरम असताना मोठा दिसतो, गार झाला की लहान. गरम बोअर 52.004 दाखवून पास झाला असेल तर दुपारी इन्स्पेक्शनच्या टेबलावर त्यात ‘गो’ गेज जाणार नाही, आणि ऑपरेटर शपथेवर सांगेल की मी मोजला तेव्हा बरोबर होता. तो खोटं बोलत नसतो.

मशीनचंही अंग असतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत स्क्रू गार असतो, तास-दीड तास काम झालं की तापून लांबतो, आणि ऑफसेटला कुणी हात न लावता साईज सरकत जाते. जेवणाच्या सुट्टीत मशीन उभं राहिलं की पुन्हा थोडी मागे. म्हणून जेवणानंतरचा पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढे ढकलू नये. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात छापलेलं मी पाहिलेलं नाही.

एक प्रकार असा की गेज बरोबर, तापमान बरोबर, ऑफसेट बरोबर, आणि तरी बेअरिंग बसत नाही. पातळ भिंतीचा जॉब तीन जबड्यांच्या चकात जोरात आवळला की तो किंचित तिकोनी होतो. त्या अवस्थेत बार त्याला आतून अगदी गोल कापतो. चक उघडला की भिंत मूळ जागी जायला बघते आणि आता गोल भोक तिकोनी होतं. गंमत पुढेच आहे. दोन टोकांचा बोअर गेज घालून कुठूनही मोजा, व्यास सगळीकडे तेवढाच! कारण प्रत्येक जबड्याच्या समोर जबडा नसतो, दोन जबड्यांमधली फट असते. इकडे जेवढं बाहेर आलं तेवढंच समोर आत गेलेलं असतं, आणि बेरीज बदलत नाही. बेअरिंगला मात्र बेरीज कळत नाही, गोलाई कळते. हे पकडायला तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लागतो, आणि बरं करायला सॉफ्ट जॉ जॉबच्या व्यासाला बोअर करून, फिनिशिंगला चकाचं प्रेशर कमी करून बघावं लागतं. इथे ऑफसेटशी खेळत बसणारा माणूस दिवस घालवतो. ऑफसेटने साईज सुधारते, आकार सुधारत नाही. एवढं ओळखून हात मागे घेणं यालाही मी सेटिंगच म्हणतो.

हे सगळं लिहिताना मला खटकतं ते वेगळंच. जॉब संपला, बार काढला, नवं टूल त्याच नंबरावर बसलं, नवा आकडा टाइप झाला की जुना गेला. प्रोग्रॅम जपून ठेवतात, त्याला नंबर असतो, पेनड्राइव्हवर दोन-दोन प्रती असतात. बार किती बाहेर होता, त्याने किती मायक्रॉन खाल्ले, शेवटच्या कटाला किती माल ठेवला होता, किती जॉबनंतर टिप बदलली, हे कुठेच राहत नाही. सेटर नोकरी सोडून पुण्याला किंवा चाकणला गेला की ते त्याच्याबरोबर जातं. सहा महिन्यांनी तीच ऑर्डर परत येते आणि नवा माणूस पहिल्या चार कास्टिंगचा बळी देऊन तेच पुन्हा शोधून काढतो. मालक त्याला सेटिंग रिजेक्शन म्हणतो आणि कोटेशनमध्ये धरून टाकतो. मला ती सरळ उधळपट्टी वाटते.

तेव्हा कारखाना चालवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. प्रत्येक बोअरिंगच्या जॉबला प्रोग्रॅमच्या कागदामागे चार ओळींची जागा सोडा: बारची जाडी आणि बाहेर काढलेली लांबी, शेवटच्या कटाचा माल, वेअरचा आकडा कुठे स्थिरावला, आणि टिप किती जॉब टिकली. ते सेटरनेच त्याच्या अक्षरात लिहावं, खाली त्याचं नाव असावं. दुसरं, बोअर गेज आणि त्याची रिंग मशीनशेजारी ठेवा, स्वच्छ डबीत, जॉबच्याच हवेत. लाखोंचं मशीन घ्यायचं आणि रिंग गेज इन्स्पेक्शनच्या एसी खोलीत कपाटात कुलपात ठेवून रात्रपाळीला किल्ली साहेबांच्या खिशात घरी जाऊ द्यायची, हे आमच्याकडे इतक्या ठिकाणी चालतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. ती किल्ली आज रात्रीपासून सेटरच्या हातात द्या.